मोरीवरचा पुदिना

निरोप समारंभात आमच्या शाळेनं बाईंना शाल दिली, नारळ दिला आणि प्लॅस्टिकची तुळस दिली. हो, प्लॅस्टिकची. सोनेरी रंगाचं वीतभर वृंदावन, त्यात कधीही न वाळणारी हिरवीगार तुळस आणि खाली चिकटवलेली पट्टी, 'विज्ञान विषयाच्या आदर्श शिक्षिकेस'. जिनं चौतीस वर्षं पोरांना पान चुरगाळून वास घ्यायला शिकवलं, तिच्यासाठी ही भेट निवडणारा माणूस समारंभात माझ्याच शेजारी बसला होता. बाईंना झाडांची आवड आहे ना, म्हणून मुद्दाम पुण्याहून आणली, असं तो मला मोठ्या कौतुकानं सांगत होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. आता दोन शब्द बोलतील, डोळे पुसतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी त्या तुळशीचा दांडा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरला, हळूच फिरवला, मग पान नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "गोल आहे." एवढं बोलून खाली बसल्या. मागच्या रांगांतून, जिथे माजी विद्यार्थी बसले होते, तिथून मोठा हशा उसळला. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना काहीच कळलं नाही, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हसणाऱ्यांना जे ठाऊक होतं ते असं : तुळशीच्या कुळातल्या झाडांचा दांडा चौकोनी असतो. तुळस, सबजा, मरवा, ओव्याचं पान, पुदिना, कुठलंही घ्या आणि दांडा बोटांत फिरवा, चार कडा बोटाला लागतात. पाचवीत आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी बाई पुस्तक उघडू देत नसत. डोळे मिटायचे आणि दांडा फिरवायचा. कूळ कळलं की पान चुरगाळायचं, वास घ्यायचा आणि मग तोंड उघडायचं. "वास घ्या, मग बोला" हे बाईंचं पालुपद होतं आणि ते फक्त पानांपुरतं नव्हतं. स्टाफ मीटिंगमध्ये कुणी न वाचता परिपत्रकावर सही करायला लागलं तरी त्या हेच म्हणत. वहीचा कोरा कागद, खडूचं नवं खोकं, डब्यातली भाजी, शिपायानं आणलेला चहा, सगळं आधी नाकाशी जायचं. चहा दुसऱ्यांदा उकळलेला असला तर आल्या पावली परत जायचा.

आमची शाळा जुन्नर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझंच श्राद्ध घालतील. मी तिथे मराठी शिकवते. बाकी आम्ही सगळ्या कधीच्या मॅडम झालो. त्या एकट्या बाई राहिल्या. कुणी मॅडम म्हणून हाक मारली तर वळूनही बघत नसत.

रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यात माझे वडील पहिले. पण एखाद्या झाडाला योग्य तो मान मिळत नाही म्हणून रागावणारं माणूस मी एकच पाहिलं. बाई एरवी पुस्तकी मराठी बोलत. राग चढला की ती भाषा गळून पडायची आणि लहानपणीची येडगावकडची बोली बाहेर यायची. पुदिन्याचा विषय निघाला की ती हमखास यायची. माझ्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, शाळेच्या नळापाशी, त्यांनी लावलेल्या पुदिन्याजवळ उभं राहून त्यांनी मला जे सुनावलं ते मला अजून पाठ आहे.

"बघा की राव. तुळशीला दिवा, दवणा देवाला, मरवा बायकांच्या वेणीत. आन् ह्यो तुळशीचा सख्खा भाऊ, तर ह्याला मोरी. अंघुळीचं पानी, भांड्याचं पानी, जे कुनाला नको ते ह्याला. पोट दुखलं, वकारी आली, पोराला वारा धरला, की पळत्यात ह्याच्याकडंच. राबवून घ्यायचं आन् देवघरात न्हाई घ्यायचं. दवणा तर ह्यांच्या कुळातलासुदिक न्हाई, तरी त्यो मानाच्या पंगतीत."

मी नवीन होते, शिवाय मराठीची. मला वाटलं, बाईंना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. म्हटलं, बाई, आपल्या बायकांचंही तसंच आहे ना. त्या माझ्यावरच उखडल्या. पुदिन्याचं चाललंय तर पुदिन्याचंच बोला, म्हणाल्या; दिसलं झाड की त्याला माणसाचा मुखवटा घालायचा, ही तुम्हा मराठीवाल्यांची वाईट खोड आहे. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर झाडांवरून काही सुचवायला गेले नाही.

वर्गात कुणी पुदिन्याच्या वासाचं च्युइंगम खाताना सापडलं तर बाई त्याला मारत नसत, उभंही करत नसत. त्याला नळापाशी नेऊन एक खरं पान चावायला लावत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की सांगत, हा पुदिना, आणि तू खात होतास तो पुदिन्याचा फोटो. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी जेवणाचं ताट नाकाशी नेलं आणि हिरव्या चटणीचा वास घेऊन थेट आचाऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पुदिना किती जुड्या घातला, असं विचारलं. तो म्हणाला, मावशी, कलर आहे, पण चांगल्या क्वालिटीचा आहे. बाईंनी ताट तिथेच ठेवलं, मांडवात येऊन मुलीच्या बापाला सांगितलं की तुम्ही पाव्हण्यांना रंग खायला घालताय, आणि उपाशीपोटी एसटीनं परत आल्या. मुलीचा बाप पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. मला त्यात बाईंची काहीएक चूक दिसत नाही.

शाळेच्या पिण्याच्या टाकीला सहा नळ आहेत. पोरं ओंजळीनं पाणी पितात, त्यातलं निम्मं सांडतं. ते सांडलेलं पाणी कुंपणाच्या भिंतीकडे वाहत जातं, त्या वाटेवर बाईंनी पुदिना लावला होता. नळापासून भिंतीपर्यंत हिरवा पट्टा. पान बारीक आणि खरबरीत, दांडा तांबूस. बाजारात जुडीनं मिळतो तो पानानं मोठा आणि वासानं मवाळ. हा आधी नाकात चढतो, मग जिभेवर थोडा ओव्यासारखा लागतो आणि शेवटी ओल्या मातीसारखा काहीतरी मागे राहतो, असं बाई सांगत. मी ऐकत असे आणि नळाला तोंड लावून पाणी पिऊन तासाला जात असे.

त्या पट्ट्याचा उपयोग काय होता, हे शाळेतल्या प्रत्येक मुलीला विचारा. आधी पाळीच्या दिवसांत मुली मधल्या सुट्टीत दप्तर उचलून घरी जायच्या, नाहीतर दोन-दोन दिवस यायच्याच नाहीत. बाई प्रयोगशाळेत एका बीकरमध्ये पुदिना, आलं आणि गूळ उकळून त्यांना द्यायच्या. बीकर वेगळा ठेवलेला, त्यावर लाल ऑइलपेंटनं 'पिण्याचा' असं लिहिलेलं. मुली कोपऱ्यातल्या बाकावर बसून तो काढा फुंकत फुंकत प्यायच्या आणि पुढच्या तासाला वर्गात दिसायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा लेखी विचारलं की ही प्रयोगशाळा आहे की चहाची टपरी. बाईंनी त्याच कागदाच्या खाली लिहून पाठवलं, 'मुली तासाला बसतात.' सर ते विसरले नाहीत.

हा पुदिना बाईंना कुठून मिळाला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचं लहानपणचं जुनं घर येडगावच्या धरणात गेलं. घर सोडायच्या वेळी वडिलांनी दाराची चौकट काढून घेतली, आईनं भांडी बांधली, चुलत्यांनी पत्रे उतरवले. बाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या. तुला काय घ्यायचं ते घे, असं कुणीतरी म्हणालं, तर त्यांनी मोरीवरचा पुदिना मुळासकट उपटला आणि फडक्यात गुंडाळला. चौकट नव्या घराला बसली नाही. भांडी मोडीत गेली. पुदिना राहिला. पुढे शिक्षण, नोकरी, भाड्याच्या खोल्या, जिथे जिथे बाई गेल्या तिथे तिथे तो डालडाच्या डब्यातून गेला. लग्न त्यांनी केलं नाही. शाळेतल्या नळाचं पाणी मिळाल्यावर तो पहिल्यांदा डब्यातून जमिनीत उतरला आणि पसरला.

दहावी होऊन जाणाऱ्या प्रत्येक मुलाला, मुलीला, शाळेत नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येक शिक्षकाला बाई ओल्या कागदात गुंडाळून त्याची एक काडी देत. देताना एक वाक्य न चुकता म्हणत, "ही ठेवायला देतेय. माझी गेली तर मागायला येईन." सगळे हसून घेत. मीही घेतली होती, बारा वर्षांपूर्वी, आणि निरगुडसरला माहेरी न्हाणीच्या मागे लावली होती.

आणखी एक घर होतं जिथे हा पुदिना दर वर्षी जायचा, पण काडी म्हणून नव्हे. तालुक्याच्या बाजारपेठेत एका जैन शेठजींचं किराणा-मसाल्याचं जुनं दुकान आहे. मूळचे राजस्थानचे, पण पिढ्या इथेच गेल्या, बोलणं आमच्यासारखंच. शेठजींच्या आईंना सगळा बाजार काकी म्हणतो. काकी चातुर्मासात आणि एरवीही अष्टमी-चतुर्दशीसारख्या तिथीला हिरवं खात नाहीत, म्हणून ज्येष्ठात बाई त्यांना पुदिन्याचा मोठा भारा नेऊन देत आणि काकी तो सावलीत वाळवून काचेच्या बरणीत भरून ठेवत. दर वर्षी त्यांच्यात तोच वाद. वाळवून काय खाता, जिवंत खा, असं बाई म्हणायच्या. काकी म्हणायच्या, तुमचं नाक तुमच्याजवळ, माझा नेम माझ्याजवळ. मग दोघी मिळून चहा प्यायच्या.

आता जे सांगायचं ते सांगते.

जानेवारीत शाळेची तपासणी होणार होती. परिसर, स्वच्छतागृहं, बाग, भिंतीवरचे सुविचार, सगळ्याला गुण. त्या आठवड्यात बाईंना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं होतं. मुख्याध्यापक सरांनी आवारातून एक चक्कर मारली आणि नळाजवळ थांबून म्हणाले की गटारावर हे गवत माजलेलं दिसलं तर गुण जातील. कुणी म्हणालं की तो पुदिना आहे. सर म्हणाले, पुदिनाच ना, बाजारात ढिगानं पडलाय. सर माणूस वाईट नाहीत, असं इथे लिहायची रीत आहे, कारण सगळे तसंच म्हणतात. मी लिहिणार नाही.

त्यांनी शिपायाला तणनाशक मारायला सांगितलं. उपटायलाही नाही, कारण उपटला तर परत फुटतो, एवढं त्यांना बरोबर ठाऊक होतं. मग नर्सरीतून दोन दिवसांसाठी कुंड्या आणल्या आणि प्रवेशद्वाराजवळ 'औषधी वनस्पती उद्यान' तयार झालं. माझं अक्षर चांगलं आहे. पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे आलं. शिपाई पाठीवर पंप घेऊन नळापाशी गेला तेव्हा मी व्हरांड्यात बसून हिरव्या रंगात 'पुदिना' अशी पाटी रंगवत होते. ज्या कुंडीसाठी ती पाटी होती, त्यात चकचकीत पानांचं कसलंतरी शोभेचं झाड होतं. पंपाचा आवाज मला ऐकू येत होता. शिपायानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी ब्रश पाण्यात बुडवला आणि पुढचं अक्षर काढायला घेतलं.

ह्याचा मला जेवढा संताप येतो तेवढा सरांचाही येत नाही. सरांना बाईंचा पुदिना म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

बाई चौथ्या दिवशी आल्या. पुदिना तेव्हा नुसता मलूल दिसत होता, ऊन लागल्यासारखा. बाई वाकल्या, एक शेंडा खुडला, नाकाशी नेला, आणि सरळ ऑफिसात गेल्या. तिथे त्या काय बोलल्या ते आठवीच्या वर्गापर्यंत ऐकू गेलं. सर म्हणत होते की बाई, तुम्ही उगाच भावनिक होताय. बाई बाहेर आल्या, प्रयोगशाळेतून खुरपं घेतलं आणि साडी खोचून नळापाशी बसल्या. त्यातल्या त्यात हिरव्या दिसणाऱ्या बारा काड्या त्यांनी काढल्या आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत बारा ग्लासांत ठेवल्या.

पुढचे दहा दिवस मुली मधल्या सुट्टीत काढा प्यायला नव्हे, ग्लास बघायला जात होत्या. रोज एखादी काडी पिवळी पडे. पानांतून आत गेलेलं औषध काडीभर पसरत होतं आणि त्याला कुणाचा इलाज नव्हता. बाईंच्या घरच्या गॅलरीतला पुदिन्याचा डबा आधीच्या उन्हाळ्यात घरमालकानं टाकीच्या कामात फेकून दिला होता; शाळेतूनच परत नेऊ, घाई काय आहे, असं त्या म्हणत राहिल्या होत्या. बारावी काडी गेली त्या दिवशी बाईंनी ग्लास धुतले, पालथे घातले आणि तास घेतला. शाळेला तपासणीत प्रमाणपत्र मिळालं. 'औषधी वनस्पतींची उल्लेखनीय जोपासना' असं त्यावर छापलेलं आहे. ऑफिसात लावलंय, कुणालाही बघता येईल.

मग बाई मागायला निघाल्या.

रविवार असला की माझ्या स्कूटीवर मागे बसायच्या. राजुरीला गेलो, येडगावला गेलो, मधल्या वाड्यावस्त्यांवर गेलो. काड्या कुणाकुणाला दिल्या ते बाईंना तोंडपाठ होतं; पोरांची नावं, बॅच, घर कुठल्या बाजूला तोंड करून आहे तेसुद्धा. घरोघरी स्वागत झालं, चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या आणि पुदिना कुठेच नव्हता. राजुरीला त्यांचा एक हुशार विद्यार्थी आहे, द्राक्षाचा बागायतदार, नवा बंगला. त्यानं आम्हाला मागचं अंगण मोठ्या अभिमानानं दाखवलं. सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक. पाण्याचा थेंब दिसत नाही बाई, सगळं पायपातनं शोषखड्ड्यात, म्हणाला. बाईंनी विचारलं, माझी काडी? तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, असंल की ब्लॉकच्या खाली.

येडगावला एक जुनी विद्यार्थिनी ओट्यावर बसून कांदे निवडत होती. "व्हता की बाई, लई माजला व्हता," ती म्हणाली, "पन बंदिस्त गटार झालं न् मग मोरीच न्हाई राह्यली. डास बी व्हत्यात ना." दुसऱ्या एका घरात पुदिना होता. बाई घाईनं पुढे झाल्या, पान चुरगाळलं, हातातलं खाली टाकलं आणि म्हणाल्या, "ह्यो न्हाई." ती बाजारातली जुडी लावलेली होती. एकीनं तर मनी प्लँट देऊ केलं.

मी आयुष्यभर मोरीला नावं ठेवत आले. चिखल, शेवाळ, पाय घसरायचा. पण त्या रविवारी घरोघर फिरताना मला त्या गुळगुळीत, कोरड्या, रंगीत ब्लॉकांचा इतका राग आला की मी बाईंनाही आश्चर्य वाटेल असं काहीबाही बोलले. ज्या बाई च्युइंगमवर रागवायच्या, त्या आता कशावरच रागवत नव्हत्या, आणि ते मला सोसत नव्हतं.

एप्रिलमध्ये, लांबच्यांना फोन करून आणि जवळची घरं फिरून झाल्यावर, त्यांनी मला विचारलं, "तुमच्या माहेरी हाय ना? न्हाणीच्या मागं?"

मी हो म्हटलं.

तो तिथे नव्हता. भावानं मागच्याच वर्षी न्हाणी पाडून टाइल्सचं बाथरूम बांधलं होतं, आणि मागे ब्लॉकच होते, त्याच रंगाचे. मला ते म्हणताना ठाऊक होतं. तरी मी हो म्हटलं, कारण बाईंचा तो चेहरा, आणि ती पाटी, आणि त्या पंपाचा आवाज. मी मंचरच्या बाजारात गेले, चार गाळे फिरून त्यातल्या त्यात बारीक पानाची, तांबूस दांड्याची जुडी निवडली, तिच्या काड्या रंगाच्या रिकाम्या डब्यात लावल्या आणि दोन-तीन आठवडे पाणी घातलं. मुळं धरली, नवी पानं आली. मग तो डबा घेऊन मी बाईंच्या खोलीवर गेले.

बाईंनी डबा खिडकीत उजेडात ठेवला. दांडा फिरवला, चौकोनी होता, तो असणारच. मग एक पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि पुष्कळ वेळ तसंच धरून ठेवलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आनताना वास घेतला व्हता का तुमी?"

"हो."

"कसा हाय?"

"पुदिन्यासारखा," मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "बारा वर्सं त्या नळाला पानी प्यालात. एकदा तरी पान खुडून नाकाला लावलं व्हतं का?"

मला खोटं बोलायचं होतं, पण आता जमेना. मी नाही म्हटलं.

"मंजी आता त्यो वास मला एकटीलाच ठावं हाय," बाई म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी त्यांच्या पाया पडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. त्या उठल्या, तांब्यात पाणी आणलं आणि डब्यात घातलं. ह्या बिचाऱ्याचा काय दोष, म्हणाल्या. मला चहा दिला. मी तो प्याले आणि घरी आले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी तो निरोप समारंभ झाला, ती तुळस, तो हशा. बाई गेल्यावर शाळेनं नळाच्या कडेला सिमेंटचा ओटा बांधला. प्रयोगशाळेतला लाल अक्षरांचा बीकर कुणीतरी फेकून दिला. मुली आता पूर्वीसारख्या मधल्या सुट्टीत घरी जातात आणि मुख्याध्यापक सर मीटिंगमध्ये विचारतात की मुलींची उपस्थिती का घटतेय. मी एकदा उभी राहून कारण सांगितलं. मॅडम, विषयाला धरून बोला, असं सर म्हणाले. मी विषयाला धरूनच बोलत होते.

आषाढ लागला तेव्हा मी मसाल्याचं सामान आणायला बाजारपेठेत गेले होते. काकी दुकानात गल्ल्याच्या मागे खुर्चीवर बसल्या होत्या. बाई यंदा आल्या नाहीत पुदिना घेऊन, रागावल्या की काय माझ्यावर, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. पाटीसकट सांगितलं. काकी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, मागच्या घरात गेल्या आणि एक काचेची बरणी घेऊन आल्या. तळाशी मूठभर वाळलेली, काळपट हिरवी पानं होती. गेल्या ज्येष्ठातली. "तिथीपुरता ठेवला होता," त्या म्हणाल्या, "आता माझी तिथी पुदिन्याशिवाय होईल." आणि बरणीच माझ्या हातात दिली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं मला विचारलं की मॅडम, रडता कशाला.

मी तडक बाईंच्या खोलीवर गेले. खिडकीत ते सोनेरी वृंदावन होतं. त्यातली प्लॅस्टिकची तुळस उपटून टाकलेली होती, आत खरी माती होती आणि त्या मातीत मी बाजारातून आणलेला तो पुदिना वीतभर वाढून बाहेर लवला होता. खालची पट्टी तशीच होती. मी त्याबद्दल काही बोलले नाही. मुखवटा घालण्याची खोड मला एकदा पुरे झाली आहे.

बरणी समोर ठेवून मी फक्त काकींचं नाव घेतलं. बाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी आधी वर्तमानपत्र पसरलं, पानं त्यावर ओतली, भिंग आणलं आणि एकेक पान, एकेक काडी उलटसुलट करून बघायला लागल्या. एखादं बी सापडतं का ते त्या शोधत होत्या. मीही शोधलं. तासभर तरी आम्ही त्या कागदावर वाकलो असू. एकही बी नव्हतं. हा पुदिना काड्यांवरच जगत आला होता, फुलण्याआधीच खुडला जात होता. त्याला बी धरायला कुणी वेळच दिला नव्हता.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. कागदाची घडी करून पानं पुन्हा बरणीत भरली. एक पान मात्र हातात ठेवलं, तळहातावर चोळलं, आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"आधी तुमी," त्या म्हणाल्या. "डोळं मिटा."

मी डोळे मिटले. आधी तो नाकात चढला, थेट कपाळापर्यंत. मग ओव्यासारखा तिखट झाला. आणि अगदी शेवटी, सगळं संपलं असं वाटल्यावर, ओल्या मातीचा, धुतलेल्या फरशीचा, कुठल्यातरी घराच्या मागच्या बाजूचा वास आला. बारा वर्षं तो माझ्यापासून चार हातांवर होता.

मी डोळे उघडले तेव्हा बाई तोच तळहात आपल्या नाकाशी नेत होत्या. बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही.

"आता दोघी झालो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला बरणीचं झाकण नीट लावायला सांगितलं, आणि मी ते घट्ट लावलं.